योगासनं आणि स्पर्धेचा खेळ एकत्र: वय १२, १६, ४५ आणि ६७, चौघांना एकच क्रम चालेल का?

परळची_आई

नमस्कार. आमच्या घरात चौघं चार खेळ खेळतात आणि आता चौघांनाही योगासनं सुरू करायची आहेत. मुलगी १२ वर्षांची, शाळेच्या संघातून खो-खो खेळते. मुलगा १६ वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो, आठवड्याचे पाच दिवस नेट किंवा मॅच असते. मिस्टर ४५ चे, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला पूर्ण ४२ किलोमीटरसाठी नाव दिलंय. सासरे ६७ वर्षांचे, ज्येष्ठांच्या पोहण्याच्या स्पर्धांत उतरतात, बीपीची गोळी चालू आहे.

बिल्डिंगच्या गच्चीवर सकाळी ६ ला वर्ग असतो. सगळ्यांना एकच क्रम: १२ सूर्यनमस्कार, पश्चिमोत्तानासन, भुजंगासन, धनुरासन, सर्वांगासन आणि शेवटी १० मिनिटं कपालभाती. हे चौघांना चालेल का? खेळाच्या आधी करायचं की नंतर? मॅचच्या आठवड्यात किती करायचं? नेमकं सांगितलंत तर बरं होईल.

---

मैदानी_फिजिओ

ताई, क्रम वाईट नाही, पण चौघांना एकच नको. खेळाडूसाठी आसनं निवडताना आधी एकच गोष्ट बघायची: खेळात कोणत्या जागेवर आधीच जास्त भार पडतोय? त्याच जागेला योगात पुन्हा तोच भार द्यायचा नाही. आणि ती नाजूक जागा वयाप्रमाणे बदलत जाते. १२ ला ती वाढीच्या कूर्चेत असते, १६ ला कोवळ्या हाडात, ४५ ला स्नायू हाडाला जिथे चिकटतो त्या टेंडनमध्ये, आणि साठीनंतर हाडाची घनता, रक्तदाब आणि तोल या तिन्हींकडे बघावं लागतं.

आधी मुलीचं. मुलींची उंची साधारण १२ च्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची १४ च्या आसपास. हाडं आधी लांबतात, स्नायू मागाहून जुळवून घेतात. म्हणून गेल्या वर्षी पादहस्तासनात हात जमिनीला टेकणारी मुलगी यंदा टेकवू शकत नाही. हा आळस नव्हे. अशा वेळी पाठीवर दाब देऊन वाकवणं सर्वांत चुकीचं. दाराच्या चौकटीवर दर महिन्याला पेन्सिलीने उंचीची खूण करा. दोन खुणांतलं अंतर एकदम वाढलं, की पुढचे काही महिने लवचिकतेचा हट्ट सोडा आणि ताकद व तोल यांवर भर द्या.

खो-खोत चौरसात बसलेली खेळाडू गुडघे पूर्ण दुमडून असते आणि ‘खो’ मिळाला की तिथूनच झेप घेते. गुडघ्याच्या वाटीखाली दोन बोटांवर नडगीच्या हाडावर एक उंचवटा असतो. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीच्या टेंडनमार्फत तिथेच ओढ देतो, आणि या वयात ती जागा अजून कूर्चेची असते. तिथे दाबल्यावर दुखत असेल किंवा सूज असेल, तर वज्रासन आणि सुप्तवज्रासन बंद. त्या आसनांत ओढही त्याच जागी पडते आणि जमिनीचा दाबही. टाचेच्या मागे दुखत असेल तर मलासनात टाचांखाली दुमडलेली सतरंजी ठेवा. पद्मासनासाठी पाय ओढून बसवू नका. खुबा वळत नसला की ती पीळ गुडघ्यावर येते.

तिला करू द्या: उत्कटासन २० सेकंद, तीनदा. वृक्षासन प्रत्येक पायावर ३० सेकंद, तळवा मांडीवर किंवा पोटरीवर, गुडघ्यावर कधीच नाही. वृक्षासनातून सुटल्यावर त्याच पायावर एक छोटी उडी आणि ३ सेकंद स्थिर. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतोय ना, की आत पडतोय, ते समोर बसून बघा. आत पडणारा गुडघा या वयातल्या मुलींमध्ये लिगामेंटच्या, म्हणजे सांधा बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या, दुखापतीचं मोठं कारण असतो, आणि खुंटाजवळ एकदम दिशा बदलताना नेमका तिथेच घोटाळा होतो. १५ ते २० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस पुरे. प्राणायामात भ्रामरी ५ ते ७ वेळा. श्वास रोखायला लावू नका.

अजून एक. काही मुलं योगवर्गात पहिल्याच दिवशी सगळं ‘छान’ करतात. मनगट आत वाकवून अंगठा हाताच्या आतल्या बाजूला टेकतो, करंगळी ९० अंश मागे जाते, कोपर आणि गुडघे उलटे वाकतात, उभ्याने तळहात जमिनीला टेकतात. डावी-उजवी बाजू वेगळी मोजून याचे ९ गुण होतात. लहान मुलांत ६ किंवा जास्त, वयात आल्यापासून पन्नाशीपर्यंत ५ किंवा जास्त आले तर सांधे अतिलवचिक आहेत असं समजा. अशा मुलांना आणखी ताणायची गरज नसते, सांधा धरून ठेवणारी ताकद हवी असते. शिक्षक कौतुक करतात आणि तीच मुलं घोटा मुरगळून बसतात.

गोलंदाजाचं सविस्तर लिहायला हवं, थोड्या वेळाने लिहितो. तोवर त्याचं धनुरासन थांबवा.

---

नेट_ते_मॅच

मॅचआधीच्या प्रश्नाचं मी सांगतो. आझाद मैदानावर किंवा शिवाजी पार्कवर सकाळी गेलात तर मुलं आल्याआल्या गोल करून बसतात आणि पाय लांब करून अंगठे धरतात. थंड स्नायू, बसून, एक-एक मिनिट. त्याचा उपयोग कमी. एकाच स्नायूला एकूण ६० सेकंदांपेक्षा जास्त ताणून धरलं की लगेच नंतरच्या स्प्रिंटमध्ये आणि उडीत थोडी घट होते. ३० सेकंदांच्या आत ठेवून पुढे धावता-हालता वॉर्म-अप केला तर फरक जवळपास उरत नाही. म्हणजे स्थिर आसनं मॅचनंतर, हालती आसनं मॅचआधी.

पहिला चेंडू ९:३० ला असेल तर ८:४५ ला असं: ५ मिनिटं हळू जॉग. मग ६ सूर्यनमस्कार, प्रत्येक स्थितीत एकच श्वास, कुठेही थांबायचं नाही, तीन-साडेतीन मिनिटांत संपतात. मग पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं १० वेळा, चालत लंजेस (लांब पाऊल टाकून गुडघे वाकवणं) १०, २० मीटरच्या चार धावा वेग वाढवत. गोलंदाजाने त्यानंतर अर्ध्या रनअपने ६ चेंडू आणि पूर्ण रनअपने ६.

१२ सूर्यनमस्कार मॅचआधी चालतात असं माझं मत आहे. मुलांना सवय असते, मन जाग्यावर येतं.

---

मैदानी_फिजिओ

@नेट_ते_मॅच, बाकी क्रम उत्तम. पण वेगवान गोलंदाजासाठी त्या १२ चा हिशोब करून बघा, दादा. बारा स्थितींचा सूर्यनमस्कार धरला तर हस्तउत्तानासन दोनदा आणि भुजंगासन एकदा येतं. म्हणजे एका नमस्कारात कंबर तीनदा मागे वाकते. १२ नमस्कारांत ३६ वेळा. फलंदाजाला, यष्टिरक्षकाला त्याने काही होत नाही. पण १६ वर्षांच्या वेगवान गोलंदाजाची कंबर त्यानंतर नेटमध्ये आणखी ४०-५० वेळा तशीच मागे वाकणार असते.

चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो त्या क्षणी कणा एकाच वेळी मागे वाकलेला, बाजूला झुकलेला आणि पीळ दिलेला असतो, आणि जमिनीचा धक्का शरीराच्या वजनाच्या कित्येक पट. तो सगळा भार कंबरेच्या शेवटच्या दोन मणक्यांच्या मागच्या एका अरुंद पट्टीवर येतो, गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. उजव्या हाताच्या गोलंदाजाचं हाड म्हणून बहुधा डावीकडे तडकतं. विशीच्या आतबाहेर ती जागा पूर्ण पक्की झालेली नसते. चक्रासन, धनुरासन, उंच भुजंगासन याच पट्टीवर दाब देतात.

म्हणून त्याच्या सूर्यनमस्कारात हात वर नेताना मागे वाकायचं नाही, सरळ वर ताणायचे. भुजंगासनाच्या जागी दंडासनाची फळीसारखी स्थिती धरून थेट पर्वतासनात जायचं. एवढा बदल केला तर ६ खुशाल करा.

---

परळची_आई

खूप आभार. एक विचारायचं राहिलं. मुलगा गेले तीन आठवडे म्हणतोय की गोलंदाजीनंतर कंबरेत डावीकडे दुखतं, सकाळी उठल्यावर नसतं. वर्गात सांगितलं की भुजंगासन वाढवलं की जाईल. म्हणून विचारते.

---

मैदानी_फिजिओ

ताई, भुजंगासन आज बंद. गोलंदाजीही आज बंद. शनिवारी मॅच असली तरी.

उजव्या हाताचा वेगवान गोलंदाज, वय १६, दुखणं एकाच बाजूला आणि तेही डावीकडे, गोलंदाजीने वाढतं, विश्रांतीने जातं: या चार गोष्टी एकत्र आल्या की हाडाला ताणाची चीर असण्याची शक्यता आधी धरायची, ‘स्नायू धरला’ हे नंतर. घरी एवढंच बघा: डाव्या पायावर उभा राहून, तुमचा हात धरून, सावकाश थोडं मागे वाकू दे. नेमकं तेच दुखणं तिथेच उठलं तर संशय बळावतो. पुन्हा पुन्हा करून बघू नका. आणि दुखलं नाही तरी डॉक्टर टाळू नका.

स्पोर्ट्स मेडिसिनच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना तो आठवड्याला किती चेंडू टाकतो तो आकडा लिहून न्या. नेट, मॅच, शाळा, क्लब सगळं मिळून. मुंबईतल्या मुलांचं हेच होतं: शाळेची हॅरिस शिल्ड स्पर्धा वेगळी, क्लब वेगळा, अकादमी वेगळी, आणि प्रत्येक कोचला फक्त आपल्याकडचे चेंडू माहीत असतात. साध्या एक्स-रेत सुरुवातीची चीर बहुतेकदा दिसत नाही, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ यावर समाधान मानू नका. एमआरआय लागेल का ते विचारा. लवकर सापडली तर हाड जुळतं, पण काम महिन्यांचं असतं. आठवड्यांत परत उतरवलं की चीर पूर्ण तुटते, कधी दोन्ही बाजूंना.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्यावर, आणि दुखत नसलेल्या कुठल्याही तरुण वेगवान गोलंदाजालाही, हा क्रम देता येतो. एकूण २५ मिनिटं, गोलंदाजीनंतर किंवा संध्याकाळी.

व्याघ्रासनाची पहिली स्थिती: हात-गुडघ्यांवर, उजवा हात पुढे, डावा पाय मागे, जमिनीला समांतर, त्याहून वर नाही. कंबरेवर अर्धा पाणी भरलेला स्टीलचा पेला ठेवा. पाय उचलताना पेला कलला म्हणजे पाय खुब्यातून न उठता कंबरेतून उठतोय. पाणी हलणार नाही इतक्या सावकाश ५ सेकंद धरायचं, प्रत्येक बाजूला ८ वेळा. पहिल्या दिवशी बहुतेकांचा पेला तिसऱ्या वेळेलाच पडतो. तेव्हा पायाची उंची कमी करायची.

मग वसिष्ठासन, २० सेकंद, दोन्ही बाजूंना तीनदा. सुरुवातीला कोपरावर. सेतुबंधासन १० वेळा, वर ५ सेकंद: खांदा, खुबा आणि गुडघा एका रेषेत आले की थांबायचं. छाती हनुवटीला लावायचा प्रयत्न नको. अंजनेयासनात हात वर न नेता पुढच्या गुडघ्यावर ठेवायचे, मागच्या पायाच्या बाजूचा ग्लूट, म्हणजे नितंबाचा स्नायू, घट्ट आवळायचा. तसं केलं की ताण खुब्याच्या पुढच्या बाजूला जातो, नाहीतर मुलगा कंबर वाकवून मोकळा होतो. ३० सेकंद, दोनदा. शेवटी पाठीवर झोपून पंचा तळव्याला अडकवून सुप्तपादांगुष्ठासन, गुडघा किंचित सैल, ३० सेकंद दोनदा. आणि भिंतीला पाय लावून ५ मिनिटं.

---

पेडर_रोड_चढ

मॅरेथॉनवाल्यांसाठी मी लिहिते. मुंबईच्या मार्गात पेडर रोडचा चढ पाय थकलेले असताना लागतो, त्यामुळे ४५ च्या धावपटूला लवचिकतेइतकीच ग्लूट्सची ताकद लागते. एका पायाचं सेतुबंधासन, ८ वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या पायाची मांडी पहिल्याला समांतर, खुबा एका बाजूला ढळू द्यायचा नाही.

आठवडा असा लावा. रविवारी लांब पल्ला. त्या दिवशी खोल ताण नको, संध्याकाळी फक्त १० मिनिटं भिंतीला पाय आणि शवासन. लांब धावेनंतर स्नायूंच्या तंतूंना आधीच बारीक इजा झालेली असते, त्यांना आणखी ओढण्यात अर्थ नाही. सोमवारी ३० मिनिटं हलकी आसनं. मंगळवार-गुरुवार वेगाचा सराव असेल तर फक्त श्वास. बुधवारी सोप्या धावेनंतर २० मिनिटं: पोटरीचा ताण गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, कारण आतला स्नायू गुडघा वाकवल्याशिवाय पुरेसा ताणला जात नाही. पाठीवर झोपून एक घोटा दुसऱ्या मांडीवर, ४० सेकंद. पायाची बोटं जमिनीत दुमडून टाचांवर बसणं, २० सेकंदांपासून.

आता पश्चिमोत्तानासन. चाळिशीच्या धावपटूंचं हे आवडतं आसन आणि हीच अडचण. नितंबाखाली जिथे आपण टेकून बसतो, त्या हाडाला हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचं, टेंडन चिकटतं. पुढे वाकून ताण दिला की टेंडन त्या हाडावर दाबलं जातं. लोकलच्या बाकावर बसल्यावर किंवा गाडी चालवताना नेमकं तिथे दुखत असेल, तर हॅमस्ट्रिंग ‘मोकळा’ करायला आणखी वाकू नका. त्या क्षणी बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी वाढतं. पश्चिमोत्तानासन आणि पादहस्तासन सोडा. सेतुबंधासनात पाऊलं नेहमीपेक्षा एक वीत लांब ठेवून ३० ते ४५ सेकंद स्थिर धरा, चार-पाच वेळा. टेंडनला ओढ नको असते, हळूहळू वाढणारा भार हवा असतो.

अंग फारच आखडलेलं असेल तर पट्टे, विटा, खुर्च्या घेऊन शिकवणारी अय्यंगार पद्धत बघा. तुम्ही परळच्या, लोअर परळला अय्यंगार योगाश्रय आहे. तिथे ‘मी मॅरेथॉनच्या सरावात आहे’ हे पहिल्याच दिवशी सांगायला मिस्टरांना सांगा.

शेवटचे १० दिवस नवीन आसन एकही नाही. शर्यतीच्या सकाळी सूर्यनमस्कारही ३-४, तेही अंग गरम करण्यापुरते.

---

तरणतलाव_पहाटे

आजोबांबद्दल कोणी बोललं नाही, आणि खरा धोका मला तिथे दिसतोय. कपालभाती किंवा भस्त्रिका करून लगेच तलावात उतरू देऊ नका. कृपया.

श्वास घ्यावासा वाटतो तो प्रामुख्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. ऑक्सिजन कमी होण्याची जाणीव त्यामानाने फार उशिरा होते. जोरजोरात श्वास टाकला की कार्बन डायऑक्साइड खूप खाली जातो, ऑक्सिजन मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण तो आधीच भरलेला असतो. मग पाण्याखाली सूर मारून लांब गेलं, की ‘आता वर यावं’ ही हाक येण्याआधीच ऑक्सिजन इतका उतरतो की माणूस बेशुद्ध होतो. धडपड नाही, आवाज नाही, आणि बाजूचा समजतो की दम वाढवतोय. पट्टीचे पोहणारे तरुणही असे गेले आहेत. ‘प्राणायामाने दम वाढतो’ म्हणून तलावाच्या काठावर हे करतात, ते थांबवायला हवं. पाण्यात एकट्याने कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, तर अजिबात नाही.

बीपीची गोळी चालू असताना जोरकस कपालभाती आणि श्वास रोखणं तसंही टाळलेलं बरं. त्याऐवजी नाकाने ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला ६ श्वास, १० मिनिटं, खुर्चीत बसून. सर्वांगासन आणि शीर्षासन नको. काचबिंदू आहे का हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. असेल तर पर्वतासनातही डोक्याकडे दाब जातो, डोळ्याचा दाब वाढतो. त्याऐवजी पोटऱ्या खुर्चीवर ठेवून पाठीवर पडणं पुरे. शवासनातून कुशीवर वळून एक मिनिट थांबायचं, मग बसायचं, मग उभं राहायचं. गोळीमुळे एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

खांद्यासाठी: पोहताना हात हजारो वेळा डोक्यावरून जातात, म्हणून पर्वतासनात छाती जमिनीकडे ढकलणं त्यांच्यासाठी नाही. भिंतीला तळहात लावून, कंबरेतून ९० अंशांत वाकून, खांदे कानांपासून लांब, ३० सेकंद. मानेपासून खाली कण्याच्या रेषेत दुमडलेला टॉवेल लांबीला ठेवून त्यावर पाठ टेकवून हात बाजूला पसरणं, ३ मिनिटं.

आणि पोहण्यात हाडांवर वजन पडत नाही. दम उत्तम राहतो, हाडाची घनता नाही. म्हणून त्यांच्या योगात उभ्याची आसनं जास्त हवीत: वीरभद्रासन दोन, खुर्चीच्या पाठीला धरून उत्कटासन, भिंतीजवळ एका पायावर २० सेकंद. हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालं असेल तर पाठ गोल करून पुढे वाकणं, हलासन, पश्चिमोत्तानासन बंद, मणक्याचा पुढचा भाग त्याने दबतो.

---

नेट_ते_मॅच

फिजिओंचा ३६ चा हिशोब पटला. गोलंदाजांसाठी मी माझा सल्ला मागे घेतो.

मॅचच्या आठवड्याचं, ताई: मॅच दोन दिवसांवर आली की आसनांचा वेळ निम्मा, आदल्या दिवशी १० मिनिटं हलकं आणि रात्री झोपण्याआधी योगनिद्रा. मॅचच्या दिवशी स्थिर आसनं संध्याकाळीच. पोटभर जेवणानंतर ३-४ तास, हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास अंतर.

---

परळची_आई

मुलाची गोलंदाजी थांबवली आहे, डॉक्टरांची वेळ घेतली. चेंडूंचा आकडा काढला, नेट धरून आठवड्याला साडेतीनशेच्या वर जातोय. गच्चीवरच्या वर्गाचं काय करू, सोडू का?

---

मैदानी_फिजिओ

सोडू नका, शिक्षकांना आधी सांगून बदल करा. सूर्यनमस्कार सुरू असताना मुलगी ६ करेल, मिस्टर पादहस्तासनात गुडघे वाकवून ६, आजोबा तेवढा वेळ भिंतीजवळ उभ्याची आसनं. गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो, म्हणून तोलाची आसनं टाकीच्या भिंतीला लागून करू द्या. पश्चिमोत्तानासनाच्या वेळी मिस्टर सेतुबंध करतील. धनुरासनाच्या वेळी मुलगी उत्कटासन, सर्वांगासनाच्या वेळी आजोबांसाठी घरून खुर्ची न्या. कपालभातीच्या १० मिनिटांत आजोबा ४-६ चा श्वास, मुलगी भ्रामरी करून मोकळी. मुलगा निदान होईपर्यंत फक्त शेवटच्या शवासनाला, गुडघ्यांखाली उशी घेऊन.

आणि साडेतीनशेचा तो कागद डॉक्टरांना दाखवल्यावर त्याच्या तिन्ही कोचना एकाच वेळी पाठवा.